भोक वाढवू नका, टो लिंक बदला
भाऊ, सस्पेन्शन बदलून गाडी खाली बसवल्यावर मागचा एक्सेंट्रिक बोल्ट (फिरवून चाकाचा कोन लावायचा बोल्ट) शेवटाला टेकला, आता कोन आणखी बदलत नाही, म्हणून त्याचं भोक लांबट करायचं म्हणताय. कृपया नका करू! मी तेच केलं होतं. एका खड्ड्यात बोल्ट सरकला, मागचं चाक टो-आउट झालं, म्हणजे पुढून बाहेर वळलं, आणि समृद्धीवर ब्रेक दाबताच गाडीची शेपूट हलली. हात थरथरत होते.

लॉकनटवाली, लांबी कमीजास्त होणारी टो लिंक (चाकाचा टो, म्हणजे आत-बाहेर वळण, धरून ठेवणारा दांडा) टाका. टायर आतून तारा दिसेपर्यंत झिजतो तो कॅम्बरपेक्षा (चाकाच्या उभ्या कलापेक्षा) टोमुळे जास्त. अलाइनमेंट करताना सीटवर तुमच्या वजनाची पोती ठेवा. बुशचे (सांध्यातल्या रबराचे) बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी असतानाच आवळा. आणि लिंकच्या जॉइंटला रबरी बूट (धूळ अडवणारं टोपण) हवाच, नाहीतर आपल्या नागपूरच्या धुळीत जॉइंट लवकर खडखडायला लागतो.