बाणावली आणि ‘रक्तसाक्षी’
गोव्यातल्या बाणावलीला इथे कुणीतरी शांत गाव आणि ‘रक्तसाक्षीचं (धर्मासाठी मारल्या गेलेल्याचं) जन्मगाव’ म्हटलंय, त्यातलं दुसरं पटलं नाही. संत जुझे वाझ १६५१ मध्ये तिथे, आईच्या माहेरी जन्मले हे खरं, पण १७११ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीत आजारपणात गेले. त्यांना कुणी मारलं नाही. रक्तसाक्षीचंच गाव बघायचं तर वसई गाठा. गोन्सालो गार्सिया तिथले, १५९७ मध्ये जपानमधल्या नागासाकीला क्रुसावर मारले गेले.

शांततेबद्दल मात्र सहमत. मी फोंड्याहून मडगावला बस बदलून भर पावसात, आडवारी गेलो होतो. चर्चमध्ये एक म्हातारी पुटपुटत होती, बाकी फक्त पागोळ्या. (डिसेंबरात गर्दीमुळे किनाऱ्याकडे बघवत नाही.) वाझांच्या वडिलांचं गाव सांकवाळ त्याच दिवशी उरकू नका, मी उरकलं आणि दोन्हीकडे घड्याळच बघत बसलो.