मनोनियंत्रणावरची थ्रिलर पटकथा: प्रयोगाचा प्रसंग पटत नाहीये

अर्धविराम: कथा १९५८ सालच्या मॉन्ट्रियलमधल्या मनोरुग्णालयात घडते. डॉक्टर पेल्यातून एलएसडी हे भास निर्माण करणारं औषध पाजतो, दोन मिनिटांत रुग्ण वश होतो आणि पुढे एका सांकेतिक शब्दावर खून करतो. वाचणाऱ्यांना खोटं वाटतंय. नेमकं कुठे फसतंय?

जुनी_फाईल: दोन मिनिटांत काही होत नाही. तोंडावाटे घेतल्यावर असर जाणवायलाच अर्धा ते दीड तास जातो, मग तो आठ-बारा तास उतरत नाही. शिवाय माणूस आज्ञाधारक होत नाही, भरकटतो. सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेच्या एमके-अल्ट्रा या मनोनियंत्रणाच्या गुप्त प्रकल्पात (१९५३ पासून) १४९ उपप्रकल्प होते, पण शब्द ऐकताच खून करणारा माणूस त्यातून निघाल्याचा पुरावा नाही. मॉन्ट्रियलच घेतलंय तर अॅलन मेमोरियल या तिथल्या मनोरुग्णालयातले मानसोपचारतज्ज्ञ डॉ. कॅमेरॉन यांच्याबद्दल वाचा. औषधं देऊन दिवसचे दिवस झोपवायचं, नेहमीच्या उपचारापेक्षा कितीतरी जास्त विजेचे झटके द्यायचे, मग एकच वाक्य टेपवर सतत ऐकवायचं. आठवणी गेल्या, त्यांच्या जागी नवा माणूस काही उभा राहिला नाही. साध्या नैराश्यासाठी आलेली बाई घरच्यांना ओळखेनाशी होते, एवढं पुरे. खून काढून टाका.

रीळवाला: टेप दाखवणार असाल तर हिशेब नीट करा. सेकंदाला साडेसात इंच वेग धरला तर बारा सेकंदांच्या वाक्याला ९० इंच, म्हणजे साडेसात फूट टेपचं कडं लागतं. ते यंत्राबाहेर एखाद्या खुंटीवरून फिरवावं लागतं. ताण सैल पडला की आवाज डळमळतो. जोड तिरका, ४५ अंशांत कापतात, कारण सरळ कापला तर दर फेरीला ‘टक्’ ऐकू येतं. तुम्ही मुद्दाम सरळ कापा! वाक्याचा अर्थ विरून गेला तरी प्रेक्षक त्या ‘टक्’ची वाट बघत बसेल. पार्श्वसंगीत अजिबात नको. आणि आवाज रुग्णाचाच ठेवा; कॅमेरॉन रुग्णांच्याच बोलण्यातले तुकडे वापरत.

अर्धविराम: झकास, खून उडवला. शेवटी एका पत्रकार बाईला प्रयोगाचा गुप्त अहवाल सापडतो, हे चालेल?

जुनी_फाईल: अहवाल नको. एमके-अल्ट्राच्या बहुतेक फाईली १९७३ मध्ये सीआयएचा तेव्हाचा प्रमुख रिचर्ड हेल्म्सच्या हुकमावरून नष्ट झाल्या. १९७७ मध्ये हाती लागलेली सुमारे २०,००० कागदपत्रं मुख्यतः हिशेबाची होती, वेगळ्या ठिकाणी ठेवल्यामुळे वाचलेली. तिला बिलं आणि पावत्या सापडू द्या, रकमा जुळवत ती रुग्णालयापर्यंत पोहोचेल. पैसा ‘सोसायटी फॉर द इन्व्हेस्टिगेशन ऑफ ह्यूमन इकॉलॉजी’ या आडोशाच्या संस्थेतून यायचा, म्हणून १९५८ च्या वॉर्डात कुणाच्याही तोंडी ‘सीआयए’ घालू नका.