घाटात पहिल्यांदा पडलो, पुढचा ब्रेक मारायचा तरी कसा?

मंडळी, बाईक शिकून जेमतेम दोन महिने झालेत. रविवारी ताम्हिणी उतरताना वळणावर खडी दिसली, घाबरून पुढचा ब्रेक करकचून दाबला. चाक जागीच लॉक, मी आडवा. वेग फार तर तीस. हेल्मेट होतं, पण तळहात सोलवटला (ग्लोव्हज बॅगेत, धन्य मी!).

गाडी १२५ सीसी, एबीएस (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही, सीबीएस (दोन्ही ब्रेक जोडणारी यंत्रणा) आहे. सीबीएसमध्ये मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो, पण नुसता पुढचा दाबला तर चाक लॉक होऊ शकतं, हे पडल्यावर कळलं.

वेग वळणाआधीच कमी करायचा, मान्य. पण गाडी झुकलेली असताना मध्येच खडी आली तर? ब्रेकला हातच लावायचा नाही का? क्लचचं काय?

शिवाय हँडल आता किंचित डावीकडे ओढतंय. गॅरेजवाला म्हणतो, ‘चालेल’. फोर्क (पुढचं चाक धरणारे दांडे) वाकलाय का, घरी कसं तपासू?