मदत हवी आहे: ॲल्युमिनियमच्या होडीचे गळके रिव्हेट आणि कुजलेली मागची फळी

नमस्कार मंडळी. मी अमेरिकेत मिनेसोटात राहतो. १४ फुटी जुनी ॲल्युमिनियमची होडी गॅरेजमध्ये दुरुस्तीला घेतली आहे. मे महिन्यात वॉलाय माशाचा हंगाम उघडतो, त्याआधी ती तळ्यात उतरवायची मनापासून इच्छा आहे.

ट्रेलरवरच आत थोडं पाणी भरून पाहिलं. तळाच्या मधल्या पट्टीलगतच्या काही रिव्हेटच्या (पत्रे जोडणाऱ्या, ठोकून बसवलेल्या धातूच्या खिळ्यांच्या) डोक्याखालून थेंब झरतात, तिथे खडूने खुणा केल्या आहेत. एकाने आतून जड लोखंड टेकवायचं आणि दुसऱ्याने बाहेरून ठोकायचं, एवढ्याने ते पुन्हा घट्ट बसतील का? की ड्रिलने काढून नवे घालावेत? नवे घालायचे तर भरीव की बंद टोकाचे पॉप रिव्हेट (एकाच बाजूने बसवता येतात ते)? नुसतं सीलंट फासून वेळ मारून न्यायची नाही.

इंजिन अडकवतात त्या मागच्या फळीचं प्लायवूड पार कुजलंय, स्क्रूड्रायव्हर सहज आत जातो. प्रेशर-ट्रीटेड (कुजू नये म्हणून रसायन मुरवलेलं) प्लाय वापरणार नाही, त्यातलं तांबं ॲल्युमिनियमला खातं. पाऊण इंची मरीन प्लायचे (पाण्यात टिकणाऱ्या प्लायवूडचे) दोन थर इपॉक्सीने चिकटवीन, कडा आणि बोल्टची भोकंही इपॉक्सीने बंद करीन. पण स्टेनलेसचे बोल्ट ॲल्युमिनियमला टेकतात तिथे गंज धरू नये म्हणून तुम्ही काय लावता? नायलॉनचे वॉशर पुरतात का?

रंगाचं नंतर बघू. ज्यांनी स्वतः रिव्हेट ठोकलेत त्यांनी कृपया सविस्तर सांगा, फोटो असतील तर फारच उत्तम.