घरातल्या वस्तूला कंपनीचंच नाव कसं पडतं?

रंकाळाकाठ:
परवा आत्यानं घर बदललं, उद्यमनगरातनं राजारामपुरीत. टेम्पो दारात लागला तशी आत्या वरनं ओरडली, "अवो, आधी गोदरेज उतरवा, मग बाकीचं!" टेम्पोवाल्यानं काही न विचारता सरळ लोखंडी कपाटाची दोरी सोडायला घेतली. ते कपाट गोदरेजचं नाहीच, मामांनी पंचवीस वर्षांपूर्वी इथल्याच एका वर्कशॉपात बनवून घेतलेलं, तरी टेम्पोवाल्याला कळलं. हे आपल्याकडंच होतं का दुसऱ्या भाषांतपण आहे? तुमच्या घरात असली कुठली नावं आहेत सांगा की.

शाहूपुरीकर:
सगळीकडं होतं भावा. माझी बहीण इंग्लंडात असते, तिथं केर काढायच्या मशीनला हूवर म्हणतात, आणि त्याचं क्रियापदच झालंय, "जिना हूवर केलास का?" असं विचारतात, मशीन कुठल्या का कंपनीचं असेना. मूळ मशीन अमेरिकेतल्या ओहायोचं. जेम्स स्पँगलर नावाचा झाडलोट करणारा माणूस, त्याला धुळीनं दम लागायचा, म्हणून त्यानं पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून ते बनवलं. १९०८ ला पेटंट मिळालं, मग ते हक्क विल्यम हूवरनं घेतले. पण अमेरिकेत लोक व्हॅक्यूमच म्हणतात. माहेरी नाही चिकटलं ते नाव सासरी चिकटलं बघा. फिलिपिन्समध्ये तर कुठल्याही फ्रिजला 'प्रिजिडेर' म्हणतात, फ्रिजिडेअर कंपनीवरनं.

मंगळवारपेठ_ताई:
आमची आजी रॉकेलच्या स्टोव्हला शेवटपर्यंत प्रायमस म्हणायची. वाटीत स्पिरिट घालून पेटवायचं, बर्नर तापला की पंप मारायचा, ज्योत पिवळी आली की पिन मारायची आणि मग निळी होऊन भर्रर्र आवाज सुरू, पहाटे त्या आवाजानंच आम्ही उठायचो. ती कंपनी स्वीडनची, १८९२ ची, आणि रशियन लोकपण असल्या स्टोव्हला 'प्रीमुस'च म्हणतात. आजीला ते कळलं असतं तर लय आवडलं असतं.

बिंदूचौक:
माझं झेरॉक्सचं दुकान आहे, मशीन दुसऱ्याच कंपनीचं, पण पाटीवर झेरॉक्सच लिहावं लागतं नाहीतर गिऱ्हाईक आत येत नाही. मला जास्त नवल वाटतं ते लिंगाचं. "झेरॉक्स चांगली आली नाही" म्हणतात, 'ती' झेरॉक्स, कारण आपल्या डोक्यात प्रत आहे. 'ते' गोदरेज, कारण कपाट. शब्द बाहेरचा पण व्याकरण आपलं, कुणी शिकवलेलं नाही, लहान पोरगंपण बरोबर बोलतं.

रंकाळाकाठ:
हे भारी आहे, मी कधी लक्षच दिलं नव्हतं. पण मग असं नाव पडलं की कंपन्या खूश होत असतील ना?

शाहूपुरीकर:
उलट, घाबरतात. नाव सगळ्यांचंच झालं की त्याच्यावरचा हक्क जातो. 'थर्मास' घे, १९६३ ला अमेरिकेतल्या कोर्टानं सांगितलं की हा आता रोजचा शब्द झाला, लहान अक्षरात लिहून कुणीपण वापरावा. सरकता जिना म्हणजे एस्कलेटर, तेपण ओटिस कंपनीचं नाव होतं, १९५० ला गेलं. आपल्या गिझरचंपण तसंच, लंडनच्या मॉघननं १८६८ ला गॅसवर पाणी तापवायचं यंत्र काढलं आणि त्याला नाव दिलं गीझर, आइसलंडच्या गरम पाण्याच्या झऱ्यावरनं.

रंकाळाकाठ:
आज आत्याला विचारलं, लोखंडी कपाट का म्हणत नाहीस. ती म्हणाली, "अरे, लोखंडी कपाट तर मोरीजवळपण आहे, बादल्या ठेवायचं. गोदरेज म्हणजे ज्याला आत तिजोरी असते, माझ्या पाटल्या आणि घराची कागदं जिथं असतात ते."