ऑनलाइन प्रशिक्षण पूर्ण झाले, पण घरभेटीत त्याचा मागमूस नाही, काय करावे?

पूर्व_उपनगर यांचा प्रश्न

नमस्कार. मुंबईच्या पूर्व उपनगरांतल्या एका आरोग्य केंद्रात मी सार्वजनिक आरोग्य परिचारिका आहे आणि चौदा आरोग्य सेविकांच्या कामावर देखरेख करते. गेली काही वर्षे आमच्याकडचे बहुतेक प्रशिक्षण मोबाइलवरच होते. गटावर लिंक येते, चित्रफीत पाहायची, शेवटचे दहा प्रश्न सोडवायचे आणि प्रमाणपत्राचा स्क्रीनशॉट त्याच गटावर टाकायचा, असा क्रम ठरून गेला आहे. आमच्या केंद्राची टक्केवारी शंभराच्या खाली कधी आलेली नाही, आणि खरे सांगायचे तर आता मला त्या शंभराचीच धास्ती वाटू लागली आहे.

कारण असे की, गेल्या महिन्यात मी एका सेविकेबरोबर क्षयरुग्णाच्या घरी गेले होते. घरातल्या इतरांना क्षयरोग होऊ नये म्हणून द्यायच्या प्रतिबंधक उपचाराविषयी त्या समजावून सांगत होत्या. याच विषयावरच्या प्रशिक्षणात त्यांना दहापैकी दहा गुण होते. रुग्णाच्या सासूबाईंनी अगदी साधा प्रश्न विचारला, "मला ना खोकला, ना ताप. मग मी तीन महिने गोळ्या कशाला खाऊ?" आमच्या ताई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "वरून आलंय, घ्याव्याच लागतात." सासूबाईंनी हात जोडले आणि विषय संपला. ताईंना उत्तर ठाऊक नव्हते असे नाही. केंद्रावर परतल्यावर त्यांनी सुप्त संसर्गाची (जंतू शरीरात आहेत, पण आजार नाही) व्याख्या मला जशीच्या तशी म्हणून दाखवली.

हे प्रशिक्षण वस्तीपर्यंत पोहोचवायचे असेल तर माझ्या पातळीवर काय करता येईल? मी लिंक बदलू शकत नाही, वेळापत्रकही फारसे बदलू शकत नाही. जाता जाता एक स्वतःपुरता प्रश्नही विचारते: नोकरी सांभाळून सार्वजनिक आरोग्याचे ऑनलाइन शिक्षण घ्यायचे असेल, तर कशावर विश्वास ठेवावा?

निवृत्त_पीएसएम यांचे उत्तर

सिस्टर, सामाजिक व प्रतिबंधात्मक वैद्यकशास्त्राच्या विभागात माझी बरीच वर्षे गेली आणि हा "दहापैकी दहा" गुणांचा रोग आमच्या एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांतही भरपूर पाहिला. व्याख्या सांगता येणे वेगळे आणि सासूबाईंना पटवता येणे वेगळे. दुसऱ्या कामाला सराव लागतो, आणि चित्रफीत पाहून सराव होत नाही, जसे पोहण्याविषयी ऐकून पोहता येत नाही.

आणखी एक गोष्ट प्रशिक्षण देणारे विसरतात. तुमच्या जुन्या सेविकांना नवे शिकण्याआधी जुने विसरायचे असते. २०१७पर्यंत राष्ट्रीय कार्यक्रमात क्षयरोगाची औषधे आठवड्यातून तीन दिवस दिली जात होती. त्यानंतर वजनाच्या गटानुसार रोज घ्यायच्या एकत्रित गोळ्या आल्या. ज्या ताईने दहा वर्षे घरोघरी "एक दिवस आड" सांगितले, तिच्या तोंडून ते शब्द जायला एक चित्रफीत पुरेल, हे मानणे भाबडेपणाचे आहे. आता त्यात प्रतिबंधक उपचाराच्या आठवड्यातून एकदाच घ्यायच्या बारा मात्रांची भर पडली आहे. रोजचे, आठवड्याचे आणि जुने दिवसाआडचे अशी तिन्ही गणिते एकाच डोक्यात नांदत असतात आणि गोंधळ नेमका रुग्णाच्या उंबऱ्यावर होतो.

मला पटलेली ऑनलाइन पद्धत एकच आहे. न्यू मेक्सिको विद्यापीठात डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये 'इको' नावाचा उपक्रम सुरू केला. हेपॅटायटिस सी या यकृताच्या विषाणुजन्य आजाराचे तज्ज्ञ शहरात आणि रुग्ण शेकडो मैलांवर, अशी अडचण होती. त्यांनी गावांतल्या डॉक्टरांना दर आठवड्याला व्हिडिओवर एकत्र आणले, पण मुख्य भर व्याख्यानावर ठेवला नाही. प्रत्येकाने आपला एक रुग्ण मांडायचा आणि सगळ्यांनी मिळून त्यावर बोलायचे. २०११ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये त्याचे निष्कर्ष आले. विद्यापीठाच्या दवाखान्यात ५७.५ टक्के रुग्ण विषाणूमुक्त झाले होते, तर गावांतल्या आणि तुरुंगांतल्या केंद्रांवर ५८.२ टक्के. म्हणजे दूरवरच्या साध्या डॉक्टरांचे काम तज्ज्ञांच्या तोडीचे ठरले. भारतातही आता अनेक आरोग्य संस्था ही पद्धत वापरतात.

तुम्हाला एवढा पसारा मांडायची गरज नाही. आठवड्यातून एकदा अर्धा तास काढा, एका सेविकेने त्या आठवड्यात अडलेले एक घर मांडावे (नाव-पत्ता न सांगता, हे कटाक्षाने पाळा), आणि वॉर्डातले एखादे डॉक्टर फोनवरून जोडून घ्या. ती चित्रफीत त्याच्या आदल्या दिवशी पाहायला सांगा, म्हणजे तिला काही अर्थ येईल.

गल्ली_नंबर_सात यांचे उत्तर

मी स्वतः आरोग्य सेविका आहे, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहिते. डॉक्टरसाहेबांचे म्हणणे पटले, परंतु "आदल्या दिवशी पाहायला सांगा" हे चार शब्द लिहिणे सोपे आहे. आदल्या दिवशी म्हणजे नक्की कधी? सकाळी घरभेटी, मग रजिस्टर, मग तीच माहिती पुन्हा मोबाइलमध्ये भरणे. घरी पोहोचले की फोन मुलाच्या हातात जातो, कारण त्याच्या शिकवणीच्या नोंदीही त्याच फोनवर येतात. नेटपॅक आम्ही आमच्या मानधनातून भरतो. प्रशिक्षण हे काम असेल, तर ते कामाच्या वेळेत व्हावे, एवढी अपेक्षा जास्त आहे असे मला वाटत नाही.

प्रमाणपत्रांचे शंभर टक्के कसे होतात, हेही मोकळेपणाने सांगते. आमच्यातल्या दोघी मनापासून पाहतात आणि उत्तरे गटावर टाकतात. बाकीच्या ती उतरवतात. यात लबाडीपेक्षा नाइलाज जास्त आहे, कारण संध्याकाळी पाचच्या आत स्क्रीनशॉट आला नाही तर नाव लाल रंगात झळकते.

भाषेचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. चित्रफीत मराठीत असते, पण त्या मराठीत "लक्षणविरहित बाधित व्यक्तींचे समुपदेशन" असे शब्द असतात, जे माझी आईही बोलत नाही. आणि माझ्या गल्लीतली निम्म्याहून अधिक घरे हिंदी, उर्दू नाहीतर भोजपुरी बोलतात. म्हणजे मी अवघड मराठीत शिकते, मनात सोप्या मराठीत उतरवते आणि दारात हिंदीत बोलते. हा तिसरा टप्पा कोणत्याच प्रशिक्षणात नसतो. सिस्टर, तुमच्या त्या ताई सासूबाईंसमोर थांबल्या, तेव्हा त्या बहुधा शब्द शोधत होत्या.

२०२२ च्या शेवटी गोवंडीत गोवराची साथ आली, तेव्हा मी जे शिकले ते कुठल्याही लिंकवर नव्हते. गोवर झालेल्या मुलाला 'अ' जीवनसत्त्वाच्या दोन मात्रा द्यायच्या, लागोपाठ दोन दिवस; वर्षावरच्या मुलाला प्रत्येक वेळी दोन लाख युनिट, सहा महिने ते वर्षाच्या आतल्याला एक लाख, त्याहून लहान असेल तर पन्नास हजार. हे आकडे आम्हाला पाठ होते. पण दुसऱ्या दिवशी गेले की घराला कुलूप, कारण बाई जरीच्या कामाचे कापड पोहोचवायला गेलेली आणि आजारी मूल तिच्याच कडेवर. दुसरी मात्रा चुकू नये म्हणून पहिल्या दिवशीच विचारून ठेवायचे की उद्या तुम्ही किती वाजता घरी असाल आणि नसाल तर मूल कोणाकडे असेल, ही युक्ती मला माझ्याहून वयाने मोठ्या एका ताईंनी नळाच्या रांगेत उभ्या उभ्या सांगितली. तिचे प्रमाणपत्र कोण देणार?

पडद्यामागचा यांचे उत्तर

मी असे अभ्यासक्रम तयार करण्याच्या कामात आहे, त्यामुळे वरचे वाचताना अधूनमधून मान खाली गेली. भाषेविषयीची टीका पूर्णपणे रास्त आहे. मूळ मजकूर इंग्रजीत लिहिला जातो, अनुवाद कार्यालयीन मराठीत होतो आणि तो सेविकांना वाचून दाखवण्याची पायरी, घाईचे कारण सांगून, गाळली जाते.

तरीही डॉक्टरसाहेबांशी थोडा मतभेद नोंदवतो. दर आठवड्याची चर्चा चौदा जणींसाठी उत्तम आहे, पण हजारो कर्मचाऱ्यांना एकाच आठवड्यात नवी माहिती द्यायची असेल, तर ध्वनिचित्रमुद्रित प्रशिक्षणाला पर्याय नाही. लसीकरणाच्या वेळापत्रकातला बदल, ॲपमधला नवा रकाना, पावसाळ्याआधी लेप्टोस्पायरोसिसची उजळणी, अशा गोष्टी चार मिनिटांच्या चित्रफितीत चांगल्या सांगता येतात. उदाहरणार्थ, साचलेल्या पाण्यातून चालत आलेल्या व्यक्तीला ७२ तासांच्या आत प्रतिबंधक औषध मिळायला हवे आणि गरोदर स्त्रिया व ८ वर्षांखालील मुले यांना डॉक्सिसायक्लिन हे नेहमीचे औषध न देता डॉक्टर वेगळे औषध ठरवतात, एवढे दोनच मुद्दे. त्यासाठी सगळ्यांना सभागृहात बसवणे वेळेचा अपव्यय ठरेल. चूक तेव्हा होते, जेव्हा आम्ही माहिती आणि कौशल्य एकाच साच्यात कोंबतो.

मोजमापाबद्दलही बोलायला हवे. डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकी अभ्यासकाने १९५९ पासून मांडलेली चार पायऱ्यांची चौकट आमच्या व्यवसायात सर्वांना ठाऊक आहे: शिकणाऱ्याला ते आवडले का, समजले का, वागण्यात उतरले का आणि त्यातून परिणाम दिसला का. आपण दुसऱ्या पायरीवरच स्क्रीनशॉट घेऊन थांबतो. सिस्टर, तुमच्या हातात तिसरी पायरी आहे. एकच गोष्ट निवडा, जसे की क्षयरुग्णांच्या घरातल्या पात्र व्यक्तींपैकी किती जणांनी प्रतिबंधक उपचार सुरू केला. प्रशिक्षणाआधीच्या आणि नंतरच्या तीन-तीन महिन्यांची नोंद रजिस्टरमधून काढून ठेवा. शक्य असल्यास केंद्रातल्या वाय-फायवर चित्रफीत उतरवून घेऊ द्या, म्हणजे ताईंच्या नेटपॅकचा प्रश्न तरी सुटेल.

गल्ली_नंबर_सात

फक्त एवढेच सांगते की, ज्या दिवशी तो आकडा गटावर लाल-हिरव्या रंगात येऊ लागेल, त्या दिवसापासून तोही शंभर टक्के होईल. नोंद सिस्टरांनी स्वतःच्या वहीत ठेवावी.

देवनारकर यांचे उत्तर

तुमच्या स्वतःच्या शिक्षणाच्या प्रश्नाकडे कोणी वळले नाही, म्हणून लिहितो. एक धोक्याची सूचना आधी: नर्सिंग आणि वैद्यकशास्त्र यांच्या पदव्या ऑनलाइन किंवा दूरस्थ पद्धतीने देण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाची परवानगी नाही. "घरबसल्या नर्सिंगची पदवी" अशी जाहिरात दिसली, तर पैसे भरण्याआधी तिथेच थांबावे. इतर विषयांतल्या ऑनलाइन पदवीसाठीही संबंधित संस्थेला आयोगाची मान्यता त्याच अभ्यासक्रमासाठी आणि त्याच वर्षासाठी आहे का, हे आयोगाच्या यादीत स्वतः पाहावे. दलालाच्या शब्दावर विसंबू नये.

पदवीची घाई नसेल, तर केंद्र सरकारच्या 'स्वयम्' या मंचावर (सुरुवात २०१७) अभ्यास विनामूल्य करता येतो; प्रमाणपत्र हवे असेल तरच शुल्क भरून परीक्षा द्यावी लागते. रोगपरिस्थितिविज्ञान (समाजात रोग कसे पसरतात याचा अभ्यास) किंवा आरोग्य संशोधनाची मूलतत्त्वे अशा विषयांपासून आरंभ करावा. सरकारी कर्मचाऱ्यांसाठीचा 'आयगॉट कर्मयोगी' मंचही आहेच, पण तिथे एकाच रात्री सात प्रमाणपत्रे मिळवण्याचा मोह टाळा. आणि पुढेमागे पूर्णवेळ शिकता आले, तर टाटा सामाजिक विज्ञान संस्था आपल्या देवनारलाच आहे; सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी तिथे वर्गात बसून घेता येते. कोणताही अभ्यासक्रम निवडताना मी एकच चौकशी करतो: माझे लिखाण कोणी जिवंत माणूस वाचून परत पाठवणार आहे का?

पूर्व_उपनगर

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण आधी करून पाहायचे होते.

वैद्यकीय अधिकाऱ्यांनी मंगळवारी दुपारचा अर्धा तास मंजूर केला. रजिस्टरचे काम तेवढे मागे सरकले आणि त्यावरून मला दोन शब्द ऐकावेही लागले. पहिल्या मंगळवारी आम्ही सासूबाईंचाच प्रसंग घेतला. मी सासूबाई झाले. एका ताईंनी राखेखालच्या निखाऱ्याचा दाखला दिला: वरून राख दिसली म्हणून चूल विझली असे समजू नये. मला तो आवडला होता, पण दुसरीने लगेच हटकले, "सिस्टर, आमच्या वस्तीत चूल आहे कोणाकडे?" थोड्या वेळाने त्या दिवशीच्या आमच्या ताईच बोलल्या: पाण्याच्या पिंपात डासाची अंडी डोळ्यांना दिसत नाहीत, तरी आपण आठवड्यातून एकदा पिंप घासून कोरडे करतोच ना, तसेच हे. डेंग्यूसाठी पिंप तपासायला त्या दर आठवड्याला त्याच घरांत जातात, त्यामुळे हे वाक्य हिंदीतही त्यांच्या तोंडी सहज बसले. नंतर ती चित्रफीत आम्ही केंद्रातल्या एकाच मोठ्या फोनवर मिळून पाहिली, आणि "लक्षणविरहित" हा शब्द आला तेव्हा सगळ्या हसल्या.

फोनवरून डॉक्टर जोडण्याचे अजून जमलेले नाही; दोनदा ठरले आणि दोन्ही वेळा त्यांना बाह्यरुग्ण विभागातून निघता आले नाही. वही मात्र सुरू केली आहे आणि ती माझ्या कपाटात असते.

सासूबाईंनी गोळ्या अद्याप सुरू केलेल्या नाहीत. त्याआधी प्रत्यक्ष आजार नाही ना, हे पाहावे लागते. त्यासाठी छातीचा एक्स-रे काढायला येत्या शनिवारी यायचे त्यांनी कबूल केले आहे.