सर्वकालीन सर्वोत्तम बास्केटबॉलपटू: मत कोणाचं धरायचं?

हुकशॉट (माझगाव):

रविवारी सकाळी नागपाड्याला कोर्टवर साचलेलं पाणी वायपरने ओढत होतो. सोबत सोळा वर्षांखालची चार पोरं. पाणी ओढता ओढता त्यांची जुंपली, मायकेल जॉर्डन मोठा की लेब्रॉन जेम्स. एकाने मध्येच स्टीफन करीला आणलं. मी विचारलं, आणि करीम अब्दुल-जब्बार? त्यावर एक जण म्हणाला, "सर, तो जुना झाला." ते वाक्य चार दिवस डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

यादी करायला बसलं की आपण आधी अंगठ्या मोजतो. एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक लीग, जिंकली की संघातल्या प्रत्येकाला अंगठी मिळते, म्हणून जितक्या अंगठ्या तितका मोठा खेळाडू, असा सोपा हिशेब. पण रॉबर्ट हॉरीकडे सात आहेत आणि जॉर्डनकडे सहा. हॉरीने मोक्याच्या वेळी मारलेले बास्केट मला अजून आठवतात, तरी त्याला जॉर्डनच्या वर कोणी ठेवत नाही. म्हणजे नुसत्या अंगठ्यांवर भागत नाही हे आपण सगळेच मनातून मानतो.

मग आकडे घ्यायचे, तर तेही सगळ्यांना सारखे लागू होत नाहीत. तीन गुणांची रेषा आली १९७९-८० च्या मोसमात. ब्लॉक (समोरच्याचा शॉट हवेत अडवणं) आणि स्टील (त्याच्याकडून बॉल हिसकावणं) मोजायला लागले १९७३-७४ पासून. करीमच्या नावावर ३,१८९ ब्लॉक आहेत, पण त्यात त्याच्या पहिल्या चार मोसमांतला एकही नाही, कारण तेव्हा ते कोणी लिहूनच ठेवत नव्हतं. बिल रसेल आणि विल्ट चेंबरलेन यांचे तर सगळेच ब्लॉक वाऱ्यावर गेले.

माझा भरवसा एकाच गोष्टीवर आहे. ज्यांनी समोर उभं राहून तो खेळ अंगावर घेतला, त्यांनी काय म्हटलं? १९८० पर्यंत एमव्हीपी, म्हणजे मोसमातला सर्वांत मोलाचा खेळाडू, पत्रकार ठरवत नसत. लीगमधले खेळाडू मतं द्यायचे. करीमला तो मान १९७१ ते १९८० या काळात सहा वेळा मिळाला, आणि सहाही वेळा खेळाडूंच्या मतांनी. आजवर दुसऱ्या कोणाकडे सहा नाहीत. १९७६ मध्ये तर त्याचा लेकर्स संघ प्लेऑफला, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांनाही, पोचला नव्हता. तरी बाकीच्यांनी चिठ्ठीवर नाव लिहिलं ते त्याचंच.

कॉलेजात असताना, त्याचं नाव ल्यू अल्सिंडर होतं तेव्हा, १९६७ मध्ये कॉलेज बास्केटबॉलमध्ये डंकवर, म्हणजे उडी मारून बॉल वरून थेट रिंगमध्ये कोंबण्यावर, बंदी आली. लोक तिला अल्सिंडरचा नियमच म्हणायचे. बंदी १९७६ पर्यंत टिकली. डंक हातातून गेला तसा त्याचा स्कायहूक अधिकच धारदार झाला. हा शॉट मी पोरांना शिकवतो. डावा पाय टाकायचा, डावा खांदा बचाव करणाऱ्याच्या छातीकडे ठेवायचा, उजवा हात पूर्ण सरळ वर, आणि उडी जिथे संपते तिथे मनगटातून बॉल सोडायचा. बचाव करणाऱ्याचा हात आणि बॉल यांच्यामध्ये तुमचं अख्खं शरीर असतं. दोन पोरांना जमतो, तोही पाचांत एकदा. करीमने त्याच्यावर वीस मोसम काढले. १९८५ मध्ये अडतिसाव्या वर्षी फायनल्सचा, म्हणजे विजेतेपदाच्या शेवटच्या मालिकेचा, एमव्हीपी झाला.

माझ्या लेखी पहिला करीम, मग जॉर्डन, लेब्रॉन, मॅजिक जॉन्सन, आणि पाचवा रसेल. आता बोला.

तेवीस नंबर (लालबाग):

हुकशॉट, तुमचा अभ्यास आहे, पण निष्कर्ष साफ चुकलाय.

१५ जून १९९८, सोमवार. पहाटे पाचच्या सुमाराला फायनल्सची सहावी मॅच सुरू झाली. आमच्याकडे केबल नव्हती, म्हणून शेजारच्या काकूंच्या खोलीत आम्ही सहा जण जमिनीवर, आवाज एकदम बारीक, कारण काका रात्रपाळी करून पलंगावर झोपलेले. शेवटचं मिनिट. युटा तीन गुणांनी पुढे. जॉर्डनने आत घुसून दोन केले, मागे येऊन कार्ल मलोनच्या हातातून बॉल काढला आणि ५.२ सेकंद बाकी असताना तो शॉट मारला. ८७-८६. त्याचे एकट्याचे ४५. आम्हाला ओरडायची सोय नव्हती. मित्राने माझा दंड इतका घट्ट धरला होता की शाळेत जाईपर्यंत बोटांचे वळ होते.

सहा फायनल्स, सहा विजय, सहाही वेळा फायनल्सचा एमव्हीपी तोच, आणि एकदाही सातव्या मॅचपर्यंत जाऊ दिलं नाही. १९८७-८८ मध्ये लीगमध्ये सर्वाधिक गुणांची सरासरी त्याची आणि सर्वोत्तम बचावपटूही तोच. दोन्ही टोकांना पहिला असा माणूस दाखवा. करीमच्या सहापैकी पाच अंगठ्या मॅजिक जॉन्सन आल्यानंतरच्या आहेत, आणि फायनल्सचे एमव्हीपी फक्त दोन.

मतांचं म्हणाल, तर १९९७ मध्ये मतं कार्ल मलोनला पडली होती. मग फायनल्समध्ये जॉर्डनने त्याच्या संघाचं काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं.

हुकशॉट:

१९९७ ची मतं पत्रकारांची होती. मी नेमकं तेच म्हणतोय.

आणि १९८० ची फायनल्स नीट बघा. करीमने त्या मालिकेत सरासरी ३३ च्या वर गुण केले. पाचव्या मॅचमध्ये घोटा मुरगळला, आत जाऊन पट्टी बांधून परत आला आणि ४० गुणांवर मॅच संपवली. सहाव्या मॅचला तो फिलाडेल्फियाला जाऊ शकला नाही. वीस वर्षांचा मॅजिक करीमच्या जागी सेंटरला उभा राहिला आणि ४२ गुण, १५ रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं) करून गेला. अप्रतिम खेळ होता, वादच नाही. पण फायनल्सचा एमव्हीपी त्या एका संध्याकाळीवर ठरला आणि पाच मॅच ज्याने ओढल्या तो घरी टीव्हीसमोर होता. तुमच्या 'फक्त दोन'मध्ये हे धरलंत का?

आकडेमोड (मुलुंड):

दोघांचंही वाचलं. हुकशॉट यांच्या मांडणीत दोन भोकं आहेत.

पहिलं, मतदार. १९७६ पर्यंत अमेरिकेत एनबीएला समांतर एबीए ही लीग चालू होती. ज्युलियस अर्विंग तिथे खेळत होता, मोझेस मलोनही तिथूनच पुढे आला. करीमच्या सहापैकी चार निवडी त्या काळातल्या आहेत. अर्विंग मतदारही नव्हता आणि उमेदवारही नव्हता. मग ते मत 'सगळ्या समोरच्यांचं' कसं?

दुसरं, वीस मोसम. दीर्घकाळ टिकणं हा मोठेपणा मानत असाल, तर तो मान लेब्रॉनकडे जातो. ७ फेब्रुवारी २०२३ ला त्याने करीमचे ३८,३८७ गुण ओलांडले, २०२४ मध्ये ४०,००० पार केले. दहा वेळा फायनल्स, त्यातल्या आठ सलग. २०१६ ला समोर त्या मोसमात ७३ मॅच जिंकलेला वॉरियर्स संघ, मालिका १-३, तिथून विजेतेपद. त्या मालिकेत गुण, रिबाउंड, असिस्ट (ज्या पासवर बास्केट होतो तो पास), स्टील, ब्लॉक, या पाचही गोष्टींत दोन्ही संघांत मिळून पहिला कोण, तर लेब्रॉन. तेवीस नंबर, दोन्ही टोकांचा माणूस तुम्ही मागत होतात ना?

आणि 'सहापैकी सहा'चा हा अभिमान मला कधीच कळला नाही. १९८५, ८६ आणि ८७ मध्ये जॉर्डनचा संघ पहिल्याच फेरीत बाहेर पडला. फायनल्सला पोचून हरणं हे पहिल्या फेरीत हरण्यापेक्षा वाईट कसं?

तेवीस नंबर:

१९८६ ला त्याने बॉस्टनच्या घरात जाऊन ६३ केले होते. संघच नव्हता हो सोबत. आणि २०११ ला लेब्रॉनसोबत वेड होता, बॉश होता, तरी डॅलससमोर सरासरी १८ गुणही झाले नाहीत. ज्या माणसाला आपण पहिला म्हणणार, त्याच्या नावावर अशी मालिका असू नये एवढीच माझी अपेक्षा आहे.

डावरी (परळ):

सगळं आवडीने वाचतेय. पण शीर्षकात 'सर्वोत्तम बास्केटबॉलपटू' आहे, 'पुरुष' हा शब्द नाही. डायना टॉरासीकडे ऑलिंपिकची सहा सुवर्णपदकं आहेत, २००४ ते २०२४ सलग. डब्ल्यूएनबीएमध्ये, म्हणजे बायकांच्या एनबीएमध्ये, सर्वाधिक गुण तिचेच, दहा हजारांच्या वर. वीस वर्षं शिखरावर टिकण्याबद्दल बोलताना इतक्या प्रतिसादांत तिचं नावही येत नाही? मी शाळेपासून खेळतेय. कोर्टवर मुलांची प्रॅक्टिस संपली की उरलेला अर्धा तास मुलींना, हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय. यादीतही तेच नको.

हुकशॉट:

डावरीताई, चूक माझी. शीर्षक तसं ठेवून मी विचार मात्र एनबीएपुरता केला. टॉरासीचा वेगळा धागा तुम्ही काढा, मी आधी वाचेन मग बोलेन, कारण तिच्या मॅच मी पुरेशा पाहिलेल्या नाहीत.

आकडेमोड, एबीएचा मुद्दा खरा आहे आणि तो मी लिहायला हवा होता. पण १९७६ ला एबीएतले चार संघ एनबीएत आले, अर्विंग आला, आणि त्यानंतरच्या पहिल्याच मोसमात, १९७७ ला, खेळाडूंनी पुन्हा करीमलाच निवडलं. १९८० ला आणखी एकदा. आता मतदारही होते, उमेदवारही होते.

नागपाडा७८ (नागपाडा):

हुकशॉट, तुझी कसोटी मला पटली, पण तू ती शेवटपर्यंत लावली नाहीस. म्हणून रसेल पाचवा आला.

१९६१-६२ चा मोसम घे. विल्टने सरासरी ५०.४ गुण केले. त्याच मोसमात २ मार्चला हर्शी गावात एका मॅचमध्ये १०० केले. ऑस्कर रॉबर्टसनच्या गुण, रिबाउंड आणि असिस्ट या तिन्हींच्या सरासऱ्या दोन अंकी होत्या. असा मोसम पुन्हा होणे नाही. पत्रकारांनी वर्षाच्या पहिल्या संघात सेंटर म्हणून विल्टला घेतलं, रसेलला दुसऱ्या संघात टाकलं. आणि खेळाडूंनी एमव्हीपी म्हणून कोणाला निवडलं? बिल रसेलला. ज्यांच्यावर विल्ट पन्नास-पन्नास गुण करत होता, त्यांनीच सांगितलं की आम्हाला जास्त जड जातो तो रसेल. रसेलला हा मान पाच वेळा मिळाला, पाचही वेळा खेळाडूंच्या मतांनी. वर तेरा मोसमांत अकरा विजेतेपदं, शेवटची दोन संघाचा कोच आणि खेळाडू अशी दोन्ही कामं करत. फायनल्सच्या एमव्हीपीचा पुरस्कार सुरू झाला १९६९ ला, तो खेळ सोडत होता तेव्हा. आज त्या पुरस्काराला त्याचंच नाव आहे, पण त्याच्या स्वतःच्या खात्यात तो एकही नाही.

आमच्या मोहल्ल्यातले अब्बास मुंतसीर भारताचे कर्णधार होते, अर्जुन पुरस्कार मिळालेले. त्यांच्या मोठेपणाच्या मी किती कथा ऐकल्या असतील! सांगणारे सगळे त्यांच्यासोबत किंवा त्यांच्याविरुद्ध खेळलेले. एकानेही मला कधी त्यांचे गुण सांगितले नाहीत. ते बॉल घेऊन वळले की समोरच्याची काय अवस्था व्हायची, ते हातवारे करून दाखवायचे. तुझी कसोटी आमच्याकडे फार जुनी आहे.

तेवीस नंबर:

काका, आदर ठेवून असहमत. रसेल आला तेव्हा लीगमध्ये आठ संघ होते. दोन मालिका जिंकल्या की विजेतेपद. त्याची सरासरी १५ गुण, फ्री थ्रो, म्हणजे फाउल झाल्यावर मिळणारे मोकळे शॉट, शंभरात छप्पन्न. आजच्या एखाद्या संघाने त्याला शेवटच्या दोन मिनिटांत मुद्दाम फाउल करून लाइनवर उभं केलं असतं.

नागपाडा७८:

आठ संघ होते म्हणूनच वर्षातून दहाएक वेळा विल्ट समोर यायचा. आज एखाद्या मोठ्या सेंटरशी दोन-चारदा गाठ पडते. आणि शेवटच्या दोन मिनिटांचं म्हणतोस, तर रसेल दहा वेळा सातवी निर्णायक मॅच खेळला आणि दहाही वेळा जिंकला. कितीही फाउल केले असते तरी.

आकडेमोड:

दहापैकी दहा हा आकडा मी हलवू शकत नाही. लेब्रॉनबद्दलचं मत कायम, पण रसेल पाचवा नाही एवढं मान्य.

हुकशॉट:

१९६२ चा मोसम मला माहीत होता. विल्टचे १०० मी पोरांना दर वर्षी सांगतो. पण त्या वर्षी मतं कोणाला पडली याचा विचार मी स्वतःची कसोटी मांडताना केला नाही. काका, रसेल दुसरा. करीमला मी अजून वर ठेवतो, कारण सहा निवडींतल्या शेवटच्या दोन सगळी लीग एकत्र झाल्यावरच्या आहेत आणि गुण करण्याचा भार त्याच्यावर होता, रसेलवर कधीच तेवढा नव्हता. जॉर्डन तिसरा. तेवीस नंबर रागावतील.

तेवीस नंबर:

रागावलोच आहे. रविवारी किती वाजता असता कोर्टवर?

हुकशॉट:

साडेसहा. पाऊस रात्रीच थांबला असेल तर. वायपर दोन आहेत, लवकर या.